एक टोपण जास्त

चाचा, आज सकाळी दोरी धरायला कुणी नव्हतं.

आपल्या गोल्फच्या मैदानात सातव्या ग्रीनवर लव्हाळा पुन्हा वर आलाय. पाऊस ओसरला की तो येणारच, हे तुमचंच वाक्य. साडेसहाला वारा पडलेला होता. दोरी ओढून गवतावरचं दव पाडलं, पंप भरला, आणि मग दोरीचं दुसरं टोक हातात घेऊन तसाच उभा राहिलो. शेवटी ग्रीनच्या बाहेर एक खुरपं रोवलं आणि त्याला दोरी बांधली. एक पट्टा फवारून झाला की पंप पाठीवर घेऊन पलीकडं जायचं, खुरपं उपसायचं, दोन हात सरकवायचं, परत या टोकाला यायचं. आपण दोघं हे काम वीस मिनिटांत उरकायचो. मला तास लागला, आणि शेवटचे दोन पट्टे वाकडे गेले.

कुणी नव्हतं म्हणालो, ते खरं तर खोटं आहे. हाक मारली असती तर कुणीही आलं असतं. तुम्ही मिरजेला घरी गेल्यापासून दोन वर्षं कुणी ना कुणी दोरी धरतच होतं. आज मी हाक मारली नाही, एवढंच. तुमच्या जागी आणखी एक माणूस उभा करायचा आणि त्याला ‘ताण जरा’ म्हणायचं, हे आज जमलं नसतं.

मी तुमच्या मातीला पोचलो नाही. आमच्या पठारावर फोनला रेंज किती, ते तुम्हाला माहीत आहे. निरोप कळला, मोटारसायकलवरून साताऱ्याला उतरलो, मिळेल त्या गाडीनं मिरज गाठली, तोवर सगळं आटोपून माणसं पांगली होती. कबरस्तानातल्या एका म्हाताऱ्यानं लांबूनच बोट केलं, ‘ती बघा, ओली हाय ती.’ मी जाऊन उभा राहिलो. हात जोडायचे की तुमच्यासारखे पसरायचे, हेच कळेना. दोन्ही अर्धं अर्धं केलं. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असता, ‘बिऱ्या, कायतरी एक कर रं.’

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं चांगलं लिहितात. तुमच्याबद्दल तसं लिहायला मला काहीच कष्ट पडणार नाहीत. पण मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती, ती राहिली. ती सांगितल्याशिवाय नुसतं चांगलं लिहिलं तर तो ढोंगीपणा होईल. तेव्हा सगळंच लिहितो.

पहिल्या दिवशी तुम्ही मला काय विचारलंत, आठवतं? मी माण तालुक्यातून आलेलो, बारावी झालेला, बापाची मेंढरं सोडून नोकरी शोधणारा. डोंगरावर बंगले, हॉटेल आणि नऊ भोकांचं गोल्फचं मैदान, असलं काही मी जन्मात बघितलं नव्हतं. तुम्ही मला एका ग्रीनच्या कडेला उभं केलंत. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचा पाच गुंठ्यांचा तुकडा, गवत इतकं बारीक कापलेलं की घोंगडं अंथरल्यासारखं वाटावं.

‘ही कंची, सांग.’

‘हरळी.’

‘तुमच्यात काय करत्यात हिचं?’

‘उपटत्यात. वाळवून जाळत्यात. तरीबी येती.’

‘हितं हिला जपायची,’ तुम्ही म्हणालात. ‘बाकीचं समदं काढायचं. बापाला सांगू नगंस, येडा म्हनंल.’

मी बापाला सांगितलंच. तो बघायला आला. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं. कडेला पायताण काढून ग्रीनवर उकिडवा बसला, हाताच्या पंज्यानं गवत चाचपलं आणि तुम्हाला विचारलं, ‘आवं चाचा, हितं किती मेंढरं चरत्याली?’ तुम्ही गंभीर चेहऱ्यानं ग्रीनभर नजर फिरवलीत. ‘दोन,’ म्हणालात, ‘अर्धा तास. मग माझी आन् तुमच्या पोराची नोकरी गेली.’ बाप इतका हसला की त्याला खोकला लागला. अजूनही गावात सांगतो, माझं पोरगं गवत पिकवतंय आणि जनावराला खाऊ देत नाही.

तुमची काम करायची पद्धत मात्र मला सुरुवातीला किरकिरी वाटायची. खोटं कशाला बोलू? तुम्ही मिरजेचे, दवाखान्यांच्या गावचे. औषध मोजायला मेडिकलमधून आणलेली बिनसुईची सिरिंज वापरायचा. ती उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा, श्वास रोखायचा, आणि रेघेवर औषध आलं की मगच पंपात सोडायचं. मग कपड्याच्या निळीचे चार थेंब, म्हणजे कुठं फवारलंय आणि कुठं राहिलंय ते दिसतं. मग दोरी. मग मनात आकडे मोजत एका चालीनं चालणं. माझी चाल तुम्हाला कधी पसंत पडली नाही. ‘म्होरं लांडगा हाय का रं? मेंढरामागं पळल्यागत काय करतुयास!’ फवारलेल्या ग्रीनवरून तसंच दुसऱ्या ग्रीनवर गेलेलं तुम्हाला चालायचं नाही. बूट धुवायचे, मग पुढं. एकदा मी तसाच गेलो तर आठ दिवसांनी पिवळ्या पडलेल्या पावलांची रांग दाखवायला तुम्ही मला कान धरून नेलंत. खरोखर कान धरलात. मी चोवीस वर्षांचा होतो.

आमच्याकडं औषधाचं माप म्हणजे बाटलीचं टोपण. कांदा असो, ऊस असो, पंपाला दोन टोपणं सांगितली की तीन घालायची. तिसरं वाऱ्याचं. वारा थोडं उडवून नेतो, मग त्याचं त्याला आधीच देऊन टाकायचं. मला यात कधी काही चूक वाटली नाही. आमच्यात धान्य मोजतानाही माप शिगोशीग भरतात. कुणी हात फिरवून सपाट माप दिलं, तर त्या घराची चार गावांत चर्चा होते. कमी देणं हा दोष. जास्त देण्यात कसला आलाय दोष?

यावरून आपली किती भांडणं झाली!

‘चाचा, थोडं जास्त गेलं तर काय हुतंय?’

‘थोडं म्हंजी किती?’

‘थोडं.’

‘थोडं म्हनून सिरिंजवर रेघ न्हाई रं गड्या. असली तर दाव.’

तुमचं म्हणणं होतं की औषध गवताला मारत नाही, दमवतं. मारायचं काम हरळीनं करायचं. हरळी दाट झाली, तिच्यात जागाच उरली नाही, की नको ते गवत आपोआप हटतं. तेव्हा हरळीला इजा होईल असं काही करायचं नाही, मग नको ते गवत चार दिवस जास्त राहिलं तरी चालेल. मला हे पटायचं नाही. औषध मारायचं तर मेलं पाहिजे. मी म्हणायचो, तुमचं हे म्हणजे चोराला दम देऊन सोडण्यातलं झालं. तुम्ही म्हणायचा, घर भरलेलं असलं की चोर येतोच कशाला.

आणि ती कडेची रानटी हरळी! ग्रीनवरची बुटकी हरळी आणि बाहेरची उंच हरळी, जात एकच. बाहेरची आत घुसली की मैदान खराब होतं, आणि तिला मारणारं औषध दोघींनाही मारतं. दर आठवड्याला कडेनं गुडघ्यावर बसून खुरप्यानं ती तुम्ही कापून काढायचा. मी म्हणालो, शहाण्यांनी एखादं औषध काढलं असेल की यावर. तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘एका आईच्या दोन लेकी हायती ह्या. औषधाला काय कळतंय, कंची नांदायला आलीया आन् कंची चोरून?’ त्या दिवशी मीही तुमच्याशेजारी गुडघ्यावर बसलो. तो आपल्यातला सगळ्यात चांगला दिवस असावा. दुपारी तुम्ही डब्यातला खिमा-पाव अर्धा माझ्यापुढं सरकवलात, मी बाजरीची भाकरी आणि खर्डा दिला, आणि खर्ड्यानं तुमच्या डोळ्यांत पाणी आलं तरी तुम्ही कबूल केलं नाहीत.

आता ती गोष्ट.

तिसऱ्या ग्रीनवर रानाचणी माजली होती. नाचणीच्या रोपासारखी दिसते, जमिनीला चिकटून पसरते, उपटायला गेलं तर हातात पानं येतात आणि मूळ खाली राहतं. पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही एक हात फवारला होता, पंधरा मिलीचा. ती पिवळी पडली आणि पुन्हा हिरवी झाली. दोन महिन्यांनी मालकांचे पाहुणे खेळायला यायचे होते. मॅनेजर साहेब रोज येऊन तिसऱ्या ग्रीनवर उभे राहायचे आणि काही न बोलता जायचे. तुम्ही मला म्हणालात, ‘अजून येक हात, पंधराचाच. मग बघ.’ मला वाटलं, म्हातारा ऐकत नाही.

सकाळची वेळ. तुम्ही सिरिंज उजेडात धरलीत, मोजलंत, पंपात सोडलंत. मग तुमच्या ध्यानात आलं की निळीची बाटली शेडमध्येच राहिली. ‘आनतो,’ म्हणून तुम्ही गेलात. मी पंपाजवळ एकटा होतो. औषधाची बाटली उघडी, टोपण शेजारी पडलेलं. मी एक टोपण भरलं आणि पंपात ओतलं. विचारसुद्धा केला नाही. वाऱ्याचं दिलं, बस्स. तुमच्या पंधरावर तसलंच आणखी दहा गेलं असेल.

तुम्ही आलात, नीळ घातलीत, पंप स्वतःच्या पाठीवर घेतलात. मी दोरी धरली. किती सरळ चाललात तुम्ही! त्या दिवसाइतके सुंदर पट्टे मी पुन्हा पाहिले नाहीत.

आठव्या दिवशी ते पट्टे सगळ्यांना दिसले. रानाचणी मेली होती. हरळीही पिवळी पडली होती, ग्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरीनं आखल्यासारखी. साहेब आले. तुम्ही खाली बसलात, चार काड्या उपटून बघितल्यात, आणि उठताना मला एकदाच विचारलंत, ‘बिरू, तू काय घातलं न्हवतंस न्हवं पंपात?’

मी म्हणालो, ‘न्हाई.’

तुम्ही लगेच मान हलवलीत. म्हणजे प्रश्न मिटला. दुसऱ्यांदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला दोन वर्षं सांगत आलोय. पण तुम्ही एकदा विचारून विश्वास ठेवणारा माणूस होतात, आणि मला ते माहीत होतं. तुम्ही साहेबांकडं वळलात. ‘चूक माझी हाय साहेब. माप चुकलं. नजर गेली आता माझी.’

मी मूग गिळून उभा होतो. हंगामी माणूस होतो, साहेबांनी त्याच दिवशी गाडीत बसवलं असतं, ही भीती होती. ती पहिल्या दिवसाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी भीती कमी झाली आणि लाज सुरू झाली. महिन्यानं तर असं वाटायला लागलं की आता सांगितलं तर ‘इतके दिवस का गप्प बसलास’ याचंच उत्तर आधी द्यावं लागेल. आज सांगू, उद्या सांगू. ग्रीन महिन्या-दीड महिन्यात भरून आलं. पाहुणे आले, खेळले, गेले. कुणाला काही आठवलंसुद्धा नाही.

तुम्ही मात्र पंप पुन्हा पाठीवर घेतला नाहीत. तो माझ्या हातात दिलात, सिरिंज दिलीत, आणि खुरपणीला येणाऱ्या बायकांबरोबर खुरपं घेऊन बसायला लागलात. ज्या माणसानं ही नऊ ग्रीन मातीपासून उभी केली, तो सुमनमावशींच्या शेजारी बसून लव्हाळ्याच्या गाठी शोधत होता आणि मी पंप घेऊन उभा होतो. साहेबांनी मला कायम केलं. तुम्ही पेढे वाटलेत. चाचा, माझ्या कायम होण्याचे पेढे तुम्ही वाटलेत. दिवाळीनंतर तुम्ही मिरजेला कायमचे घरी गेलात.

फोनवर मी तुम्हाला विचारायचो, अमुक गवत आलंय, काय करू, किती घालू. तुम्ही उत्साहानं सांगायला लागायचा, गवताचा रंग विचारायचा, पानाखाली बघायला लावायचा. सगळं सांगून झालं की जरा थांबून म्हणायचा, ‘पर माझ्या आकड्यावर जाऊ नगंस गड्या. कुनाकडनं तरी तपासून घी.’ दर वेळी. एकदाही चुकलं नाही. मला वाटायचं, आता हे वाक्य येणार, आणि मी फोन कानापासून जरा लांब धरायचो.

मग तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू थोडा आहे, एवढी घाई नाही. तुम्हीच हट्ट धरलात. मी रजा काढून आलो. डोळ्यावर पट्टी बांधून तुम्ही कॉटवर बसला होता आणि मी शेजारच्या स्टुलावर. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तुम्हाला माझं तोंडही दिसत नव्हतं. यापेक्षा सोपी संधी माणसाला मिळत नाही. मी ‘चाचा’ म्हणालो. तुम्ही म्हणालात, ‘काय रं?’ मी म्हणालो, ‘च्या आनू का?’

पट्टी निघाल्यावर तुम्ही पोरासारखे खूश झालात. समोरच्या भिंतीवरची मुंगी दाखवलीत. मी म्हणालो, आता या परत, पंप तुमचाच आहे. तुम्ही मुंगीवरून बोट काढलंत. मग म्हणालात, ‘नजर आली रं. हाताचा इस्वास न्हाई आला.’ तेव्हा तरी मी बोलायला पाहिजे होतं. मी एस.टी.चं वेळापत्रक बघत बसलो.

पुढच्या वर्षी रानाचणी पुन्हा आली. मी तुमच्या पद्धतीनं पंधराच घातलं, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा. दुसऱ्या हाताला ती गेली आणि हरळीचं पान वाकडं झालं नाही. म्हणजे तुमचा आकडा बरोबर होता आणि थांबायचं तेवढं आम्हाला जमत नव्हतं. आपलं ते जुनं भांडण तुम्ही जिंकला होतात. हेही मी फोनवर सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

तुम्ही गेल्यानंतर पंधरा दिवसांनी मी पुन्हा मिरजेला गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की निदान चाचींना तरी सांगायचं. चाची इद्दतीत बसल्या आहेत, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस. बाहेरच्या पुरुषासमोर येत नाहीत. तुमच्या मुलीनं मला पुढच्या खोलीत बसवलं आणि दाराला लावलेल्या पडद्याच्या आत चाची येऊन बसल्या. मला फक्त पडद्याखालून जमिनीवर टेकलेली त्यांची बोटं दिसत होती.

‘कवा आलास बिरू?’

‘आत्ताच चाची.’

‘जेवलास का?’

मी जेवलो म्हणालो आणि पुढं एका दमात सगळं सांगून टाकलं. पंप, टोपण, साहेब, ‘न्हाई’ म्हणालो ते. पडद्याला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. समोर तोंड असलं तर निदान कळतं, कुठं थांबायचं. मी सांगतच राहिलो. ती बोटं हलली नाहीत.

मग चाची बोलल्या. रागानं नाही. कुणाला रोजच्या कामाबद्दल सांगावं तशा.

‘घरी आल्यापास्नं रोज सकाळी बसायचे. पान्याचा गिलास घ्यायचा, ती औषध मोजायची नळी घ्यायची. दवाखान्याजवळनं नवीन आनली हुती. मला म्हनायचे, तू आकडा सांग. मी सांगायची, पंधरा. ते भरायचे. मग मी चष्मा लावून बघायची, बरोबर हाय का. सात सांगितलं, सात. बारा सांगितलं, बारा. एकदाबी चुकलं न्हाईत बघ.’

चाची पुढं सांगत होत्या.

‘ऑपरेशनच्या आदीबी न्हाई, मागनंबी न्हाई. मला म्हनायचे, घरात चुकत न्हाई, मग तितंच कसं चुकलं गं? रोज इचारायचे. मला काय ठावं? मी म्हनायची, असंल त्या दिवशी ऊन डोळ्यावर. तर म्हनायचे, न्हाई, ऊन पाठीवर हुतं.’

आतून भांड्याचा आवाज आला. मुलगी चहा घेऊन आली.

‘चाची, मला माफ करा,’ मी म्हणालो.

‘माझं काय रं त्यात,’ चाची म्हणाल्या. ‘माझं कुटं माप चुकलं हुतं? च्या घी. गाडी जाईल तुजी.’

मग बोटं पडद्याआड गेली. मी चहा प्यायलो, कप धुऊन ठेवू का विचारलं, मुलगी नको म्हणाली. परत येताना इस्लामपूर कधी गेलं, कराड कधी आलं, मला सांगता येणार नाही. मी एकच हिशोब करत होतो, तुम्ही सकाळी गादीवरून उठून तो ग्लास किती वेळा भरला असेल. दोन वर्षांच्या सकाळी. ऊन पाठीवर होतं, हे तुम्हाला आठवत होतं. दोरी कुणाच्या हातात होती, निळीची बाटली कुठं राहिली होती, तुम्ही शेडमध्ये गेल्यावर पंपाजवळ कोण होतं, हेही तुम्हाला आठवत असणार. तरी तुमचं बोट माझ्याकडं वळलं नाही. मी ‘न्हाई’ म्हणालो होतो ना.

चाचा, मला तुमचा राग येतो कधी कधी. एवढा विश्वास ठेवू नये माणसानं. चार शिव्या घालून मला पुन्हा विचारलं असतंत, कान धरला असतात, तर आज तुम्ही इथं पंप घेऊन उभे असता आणि मी गावाकडं मेंढरं राखत असतो, आणि ते बरोबर झालं असतं. आता या पठारावर मला कुणी बिऱ्या म्हणत नाही. बिरूभाऊ म्हणतात. माझी चाल कुणाला खटकत नाही. माझं माप कुणी तपासत नाही. मी जो आकडा सांगीन तो खरा. एवढं एकटं कामावर मी कधीच नव्हतो, बापाच्या मेंढरांमागं उजाड माळावरसुद्धा.

आज फवारणी झाली आणि दोरी गुंडाळली. आठ वाजता बायका आल्या. साहेबही चक्कर मारायला आले होते. शेडसमोर सगळे चहा घेत होते. मी तिथंच उभा राहून सांगितलं. साहेब, तिसरं ग्रीन जळालं होतं ते चाचांमुळं नाही. त्यांचं माप बरोबर होतं. वर एक टोपण मी घातलं होतं आणि खोटं बोललो होतो.

मला वाटलं होतं, निदान कुणीतरी कप खाली ठेवील.

साहेब हसले. ‘अरे बिरू, किती जुनी गोष्ट! ते ग्रीन केव्हाच रिकव्हर झालं. सोड आता. आणि दस्तगीरचाचा चांगलाच माणूस होता, त्यांना कोण काय म्हणतंय?’ मग त्यांना फोन आला आणि ते बोलत बोलत गाडीकडं गेले. सुमनमावशींनी पदरानं तोंड पुसलं. ‘आवं, जाऊ द्या की बिरूभाऊ. मानूस हाय, चुकतंय. त्यांनीबी मनात धरलं नसंल.’ बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या आणि खुरपी घेऊन सातव्याच्या कडेला निघाल्या.

चाचा, सगळ्यांनी मला माफ केलं. चहा संपायच्या आत केलं. त्यांच्यातल्या कुणाचं काहीच गेलं नव्हतं.